तडकलेल्या कुंडीचा दिवा

दोस्तांनो, रोप वाळलं, कुंडी तडकली, की ती जाते परसाच्या कोपऱ्यात. होय ना? आमच्या मस्तगडातही तेच! (मस्तगड म्हणजे जालना शहरातला १७२५ सालचा किल्ला. आजूबाजूच्या वस्तीलाही तेच नाव.)

दिवाळीत मी अशीच एक मातीची कुंडी अंगणात आणली अन् पेटत्या पणतीवर उपडी घातली. थोड्याच वेळात दिवा गुप्प! कुंडीच्या तळाला भोक होतं, मग असं का व्हावं? अरे, गरम हवा वरून बाहेर पडेल, पण खालून ताजी हवा यायला वाट नको का?

मग काठाखाली विटेचे तीन तुकडे ठेवले. झालं काम! कुंडीच धुराडं बनली. तड्यातून उजेडाची अशी झकास नागमोडी रेघ उमटली, की चांगली कुंडी लावली असती तर ही मजा नव्हतीच.

नवी पणती आधी पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर मातीच तेल पिऊन टाकते. प्लॅस्टिकची कुंडी मात्र मुळीच नको. भोकावर हात धरू नका, चांगलीच धग लागते. आणि पेटवताना आई-बाबांना जवळ बोलवा हं!

तुमच्या कुंडीची रेघ कशी उमटली? चित्र काढून पाठवा.