हिरवळ नको, दरवाजा पाहा!

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले आता महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. सुट्टी लागली की आईबाप मुलांना घेऊन तिथली छोटी ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालये पाहत फिरतात. लेकीसाठी आम्हीही फिरलो. दोन-अडीच हजार विद्यार्थी, लहान वर्ग, विज्ञानापासून तत्त्वज्ञानापर्यंत सारे एकाच छताखाली. शिक्षण उत्तमच आहे. प्रश्न एवढाच की, ते कुणाला मिळते?

एके ठिकाणी वाटाड्या विद्यार्थ्याने तासभर हिरवळ, व्यायामशाळा, ग्रंथालय दाखवले. आम्ही विचारले, जातीवरून छळ झाला तर तक्रार कुठे करायची? त्या पोराला प्रश्नच कळला नाही. दोष त्याचा नाही. भारतीय माणसासोबत त्याची जातही विमानात बसून येते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मेन राज्यातील कोल्बी कॉलेजने मात्र २०२१ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट कॉलेजने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात दिले जाणारे झुकते माप बंद केले. जन्माने मिळणाऱ्या हक्काचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको! पण २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यास मनाई केली आणि २०२४ च्या नव्या तुकडीत याच ॲमहर्स्टमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. आरक्षणाविरुद्ध गळा काढणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हा आकडा नीट वाचावा.

आता केंटकीतील बेरिया कॉलेज पाहा. गुलामगिरीच्या विरोधकांनी १८५५ मध्ये लावलेले हे रोपटे. काळे-गोरे तिथे एकत्र शिकत. ते सहन न होऊन राज्याने १९०४ मध्ये कायदा करून सहशिक्षण बंद पाडले. १९५० मध्ये तो कायदा सैल होताच बेरियाने दार पुन्हा उघडले. त्याच १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, हेही आपण आठवावे. बेरिया शिक्षणशुल्क घेत नाही. प्रत्येक विद्यार्थी तिथे काम करतो. गलेलठ्ठ पगारवाल्यांच्या मुलांना तिथे प्रवेश मिळणे अवघड, कारण ते आहेच गरिबांसाठी.

अनेक नामांकित महाविद्यालयांचा वर्षाचा खर्च आज ८० हजार डॉलरच्या वर आहे. म्हणून पालकांनो, क्रमवारीला भुलू नका. विचारा : गरिबाघरची मुले किती? आर्थिक मदत दान म्हणून की कर्ज म्हणून? धोरणात ‘जात’ आहे का? आपल्या मुलांना प्रवेश मिळाला, तरी हे प्रश्न सोडू नका. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते शिष्यवृत्तीवर. तिथून मिळवलेली विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती, तर आज हा प्रश्न विचारायला आम्ही तिथे पोहोचलो असतो काय?