मनीचा हिशेब कोण ठेवणार?

ऑगस्ट २०२५मधलं तुमचं फीड आठवतंय? ११ तारखेला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं आणि घराघरात दोन तट पडले. २२ तारखेला आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे पुन्हा त्यांच्या जागी सोडा, फक्त रेबीजचे आणि आक्रमक कुत्रे सोडू नका, असं कोर्ट म्हणालं. शिवाय प्राणिप्रेमींनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घ्यावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, अशी अटही घातली.

या सगळ्या गोंगाटात मांजर कुठेच नव्हतं. तसं ते सरकारी कागदावरही फारसं नसतंच. ऑक्टोबर २०२४मध्ये देशाची २१वी पशुगणना सुरू झाली. गाय, म्हैस, याक, उंटापासून कुत्रा, ससा आणि हत्तीपर्यंत १५ प्रकारचे प्राणी तिच्या यादीत आहेत. मांजर नाही! म्हणजे तुमच्या बिल्डिंगखाली, मच्छी मार्केटमध्ये, कॉलेजच्या कँटीनमध्ये फिरणारी मांजरं किती, हे देशात कुणीच मोजत नाही. जे मोजलंच जात नाही त्याच्यासाठी बजेट मागायचं तरी कशाच्या जोरावर? मुंबई-पुण्यात पालिकांनी मांजरांची नसबंदी हाती घेतलीय, पण गरजेपुढे ती अपुरीच पडते.

दंड किती? ऐकाल तर हसाल

पाळलेला प्राणी हाल होतील अशा परिस्थितीत सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्यांदा केलात तर दंड दहा ते पन्नास रुपये. हो, तुम्ही बरोबर वाचलंत. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती, आज त्यात दोन वडापाव आणि एक कटिंग येतं. त्यामुळे घर बदललं, बाळ होणार, बदली झाली, की मांजर पिशवीत घालून लांबच्या मार्केटमध्ये सोडणाऱ्यांना कुणाची भीती वाटत नाही.

दुसरीकडे निसर्गाचं गणित जोरात चालू असतं. मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. चार-पाच महिन्यांची मांजरी माजावर येऊ शकते आणि एका वर्षात दोन-तीनदा विते. प्रत्येक वेळी सरासरी चार पिल्लं धरा आणि पुढचा हिशेब तुम्हीच करा. शेल्टरच्या गेटबाहेर सकाळी सकाळी खोक्यात सापडणारी पिल्लं इथून येतात.

सगळ्यांना पांढरंच हवं

आता अडॉप्शन कॅम्पला जा आणि तासभर नुसते उभे राहा. लोक काय विचारतात? ‘अजून लहान आहे का?’ ‘निळ्या डोळ्यांचं नाही?’ ‘पर्शियन आलंय का?’ दोन महिन्यांची गुबगुबीत पिल्लं भराभर जातात. मागे राहतं कोण? काळं मांजर, एका डोळ्याचं मांजर आणि वर्षाच्या वरचं कुठलंही मांजर. रॉकेट सोडणाऱ्या देशात ‘काळी मांजर आडवी गेली’ अजून जिवंत आहे!

खरं तर पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यासाठी मोठं मांजरच सोयीचं. त्याचा स्वभाव समोर दिसतो. चांगल्या शेल्टरमध्ये त्याची नसबंदी झालेली असते, लिटर बॉक्सची सवय असते आणि रात्री तीन वाजता ते तुमच्या पायाच्या अंगठ्याची शिकार करत नाही (सहसा!). हजारो रुपये मोजून आणलेल्या चपट्या नाकाच्या पर्शियनला श्वासाचा आणि डोळ्यांतून पाणी येण्याचा त्रास होऊ शकतो. केस रोज विंचरावे लागतात ते वेगळंच. आपलं गल्लीतलं मांजर त्यामानाने काटक.

एवढी चौकशी कशाला?

शेल्टरचा फॉर्म हातात आला की बरेच जण वैतागतात. घर भाड्याचं की स्वतःचं? खिडक्यांना जाळी आहे का? घरातले सगळे तयार आहेत का? गावी गेलात तर कोण बघणार? ‘फुकट मांजर न्यायला लग्नासारखी चौकशी’ अशी कुरकुर होते. पण प्रत्येक प्रश्नामागे कुठलं तरी परत आलेलं मांजर आहे. जाळी नसलेल्या सातव्या मजल्यावरून कबुतरामागे झेपावलेलं मांजर तर परतही येत नाही.

सोसायटीची भीती मात्र बाळगू नका. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. भाडेकरार ही वेगळी गोष्ट. त्यात काय लिहिलंय ते आधी वाचा, मालकाशी स्पष्ट बोला.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी मांडीवर बसून फोटो देईल, ही अपेक्षा सोडा. आमच्याकडे आलेली मांजरी पाच दिवस वॉशिंग मशीनच्या मागे होती. रात्री जेवण संपलेलं दिसायचं, मांजर नाही. शेल्टरवाले म्हणतात, तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. ‘हे माणसाळत नाही’ म्हणून चौथ्या दिवशी परत नेणाऱ्यांनी ही तीनची उजळणी भिंतीवर लावावी.

बाकी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. दूध हे मांजराचं जेवण नाही, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. बुकेमधली लिली त्याची किडनी निकामी करते. लसी आणि नसबंदी यांत चालढकल नको. आणि घरात कुणी गरोदर असेल तर मांजर बाहेर काढायची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून लिटर रोज आणि दुसऱ्या कुणीतरी साफ करावं. डॉक्टरांशी बोला, शेजारच्या काकूंशी नको.

खरा प्रश्न तुमच्या वयाचा

घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. तुम्ही आज बावीसचे असाल तर ते तुमच्या सदतिसाव्या वाढदिवसाला असेल. मधे पहिली नोकरी, बंगळुरूची बदली, कदाचित परदेशातलं शिक्षण, लग्न. या प्रत्येक वळणावर ते कुठे असणार, याचं उत्तर आज देता येत नसेल तर अडॉप्ट करू नका. त्यात कमीपणा काहीच नाही. महिनाभर पिल्लू सांभाळून द्या, म्हणजे फॉस्टर करा. कॉन्ट्रिब्युशन काढून सोसायटीतल्या दोन मांजरींची नसबंदी करा. वर मांडलेलं गणित आठवा, तेवढ्यानेही शेल्टरच्या दारातली कितीतरी खोकी कमी होतील.

आणि उत्तर देता येत असेल तर पुढच्या रविवारी कॅम्पला नक्की जा. पिल्लांच्या पिंजऱ्याभोवती गर्दी असेलच. तुम्ही आधी कोपऱ्यात झोपलेल्या त्या मोठ्या काळ्या बोक्याची माहिती विचारा.