बाळाची खोली आणि म्हातारीची कटकट

परवा आमच्या सूनबाईंचं डोहाळजेवण झालं. पंगत उठली, विडे झाले, आणि माझ्या धाकट्या नणंदेनं सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "काय हो वहिनी, पहिलं नातवंड आणि तुम्ही म्हणे कुणाचीतरी वापरलेली कॉट आणायला लावताय?" ती हसत म्हणाली, बाकीच्या हसल्या, मीही हसले. विहीणबाईंचा चेहरा मात्र उतरला. सूनबाई ताट उचलायच्या निमित्तानं आत गेली.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. शुभकार्यात वाद कशाला! पण छत्तीस वर्षं वर्गात उभं राहून बोलायची सवय, ती अशी जाते थोडीच? तेव्हा आज इथे बोलते. नणंदबाई हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. म्हणूनच इथे लिहिते आहे.

झालं असं. तीन महिन्यांपूर्वी आम्ही दोघं साताऱ्याहून पुण्याला मुलाकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी मोबाईल पुढे केला. "आई, नर्सरीचं सामान बघ." मला आधी वाटलं, गॅलरीत लावायला रोपं घेतोय. आमच्या पिढीला नर्सरी म्हणजे एक तर रोपवाटिका, नाही तर बालवाडी. पण ही नर्सरी निराळी. त्यात एक कॉट, जिचा पुढे म्हणे लहान मुलाचा पलंग होतो. लंगोट बदलायला वरती गादी असलेलं चार खणांचं कपाट. बाळाला पाजताना बसायची झुलती खुर्ची. जिराफाच्या आकाराची फळी. आणि कॉटच्या आत चहूबाजूंनी लावायच्या मऊ मऊ पट्ट्या, पाच उशा, एक ससा. सगळं मिळून अठ्ठ्याहत्तर हजार! बारा महिन्यांचे हप्ते, महिना साडेसहा हजार. घराचा हप्ता आहेच, त्यावर हा.

आणि हे ठेवायचं कुठे? घर दोन बेडरूमचं. म्हणजे आम्ही गेलो की ज्या खोलीत झोपतो, ती बाळाची खोली होणार आणि आम्ही हॉलमध्ये. आता तुम्ही म्हणाल, बघा, म्हातारीला आपली खोली गेल्याचं दुःख! आहेच. मी कशाला लपवू? ह्यांना रात्री तीनदा उठावं लागतं, हॉलमधून बाथरूम लांब. पण माझं भांडण तेवढ्यावर नाही.

माझं भांडण असं आहे, की हे दुकानदार जे चित्र दाखवतात, ते बाळाच्या झोपेच्या बाबतीत सरळ सरळ चुकीचं आहे. सूनबाई स्वतः हुशार, तिनंच मला इंग्रजीतून वाचून समजावून सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२२ मध्ये सुधारित सूचना दिल्या, त्यांचं सार असं : तान्ह्या बाळाला पाठीवर झोपवा, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा, गादीवर ताणून बसवलेली एक चादर, बाकी काही नको. उशी नको, पांघरुणांचे ढीग नकोत, मऊ खेळणी नकोत. आणि पहिले सहा महिने तरी बाळ आईबापांच्याच खोलीत असावं, पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर. म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती वेगळी खोली पहिले सहा महिने लागतच नाही! आणि त्या मऊ पट्ट्या? बाळाचं तोंड त्यांत दबून श्वास कोंडू शकतो, म्हणून अमेरिकेत २०२२ सालीच कायदा करून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. तिकडे जी वस्तू विकायला बंदी, ती इकडे "बाळाच्या सुरक्षेसाठी" म्हणून सेटमध्ये घालून देतात. जास्त पैसे मोजून आपण धोका विकत आणायचा. वा रे सुरक्षा!

इथपर्यंत वाचून आमच्या थोरल्या जाऊबाई खूश झाल्या असतील. त्यांचं पहिल्यापासून म्हणणं, "आपलं जुनं ते काय वाईट होतं? झोळी बांधा, मोहरीची उशी द्या, झालं." जाऊबाई, आता तुमच्याशीही भांडते, रागावू नका.

मी माझ्या दोन्ही मुलांना मोहरीच्या उशीवर निजवलं. डोकं गोल होतं म्हणतात, तसं ती होतीही गोल. पण तान्ह्या बाळाला उशीच नको असं डॉक्टर सांगतात, मग ती कापसाची असो वा मोहरीची. झोळीचंही तेच. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि एवढ्याशा जिवाची मान अजून धरलेली नसते, त्यामुळे श्वासाची वाट दबू शकते. आमच्या शाळेच्या रस्त्यावर ऊसतोडीच्या बायका झाडाला झोळी बांधून कामाला लागायच्या. त्यांना दुसरा इलाजच नव्हता, खाली विंचूकाटा. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण वाकडच्या फ्लॅटमध्ये, खाली स्वच्छ फरशी असताना, "आपली परंपरा" म्हणून रात्रभर झोळी कशासाठी?

आता सगळ्यात अवघड जागेचं दुखणं. आमच्या माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा लाकडी पाळणा आहे. ह्यांचं बारसं त्यात झालं, माझ्या मुलांचं झालं. दर दोन-चार वर्षांनी हे त्याला ऑइलपेंट मारायचे, कधी हिरवा, कधी निळा. नातवंडाला तोच, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. अठ्ठ्याहत्तर हजारांना माझं उत्तर तयार होतं! चिरंजीवांना तसं सांगितलंही, चांगलं ठसक्यात.

सूनबाई तेव्हा काही बोलली नाही. पुढच्या वेळी साताऱ्याला आली, तेव्हा पाळणा खाली काढायला लावला आणि माझ्याच टेबलावरची पट्टी घेऊन दोन गजांमधलं अंतर मोजलं. नऊ सेंटिमीटर. मग हळूच म्हणाली, "आई, सहापेक्षा जास्त नको. बाळाचं अंग निसटून डोकं अडकू शकतं." मी म्हटलं, अगं, एवढी मुलं वाढली यात! तर म्हणाली, "हो, पण अडकलेलं एक असतं ना कुठेतरी, ते सांगायला येत नाही." दुसरं म्हणजे तो रंग. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर मर्यादा घालणारा नियम लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगांत किती शिसं असेल कोण जाणे, आणि आमच्या पाळण्यावर तर चाळीस वर्षांचे थर. दात येताना पोर कडा चावणार. शिसं पोटात गेलं की मेंदूवर परिणाम होतो, हे तर मी सुद्धा मुलांना सामान्य विज्ञानाच्या तासाला शिकवलेलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाळण्यापायी नव्हे हो. मी किती ठसक्यात बोलले होते, ते आठवून. सकाळी उठून तिला म्हटलं, तुझं बरोबर आहे. एवढं म्हणायला मला सत्तर वर्षं लागली असं हे म्हणतात.

मग आम्ही दोघींनी मिळून शोधाशोध केली. कॉट मिळाली चिरंजीवांच्याच सोसायटीत, सी विंगमध्ये. साधी, रबरवूडची, चार फूट बाय दोन फूट. त्यांच्या मुलीनं दीड वर्ष वापरली, त्यातले आठ महिने म्हणे ती आईच्या कुशीतच झोपायची आणि कॉटवर दुपटी वाळत असायची. तीन हजारांत दिली. ती आम्ही बघितली ती अशी नाही की रंग आवडला, घेतली. गजांतलं अंतर मोजलं, पाच सेंटिमीटर. सगळे स्क्रू जागेवर आहेत का, कॉट हलवली की कुरकुरते का, कोपऱ्यावर कपडा अडकेल असं काही वर आलेलं आहे का, सगळं पाहिलं. एक बाजू खाली सरकणारी कॉट तर मुळीच घ्यायची नाही. ती बाजू निखळून फटीत बाळं अडकली, दगावली, म्हणून अमेरिकेत २०११ पासून तसल्या कॉट विकायला बंदी आहे. गादी मात्र नवी केली. गादीवाल्याला माप दिलं आणि बजावलं, मऊ करू नकोस. त्याला पटेना. "बाळासाठी घट्ट? आजी, लोक मऊ मागतात." गादी आणि कॉटच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट राहता कामा नये. बावीसशे रुपये झाले. डासांसाठी छत्रीसारखी उघडमीट होणारी जाळी तीनशेला. साडेपाच हजारांत बाळाची झोप पूर्ण झाली.

कपाटाचं म्हणाल, तर बाळाच्या कपड्यांना एक खण पुरतो, तो सूनबाईंच्या कपाटातला मोकळा केला. लंगोट बदलायला उंच टेबल हवंच कशाला? आमच्या पिढीनं जमिनीवर गोधडी घातली, त्यावर मेणकापड. जमिनीवरून खाली पडलेलं बाळ मी तरी अजून पाहिलेलं नाही. उलट ते उंच खणांचं कपाट पोर रांगायला, धरून उभं राहायला लागलं की अंगावर येऊ शकतं. एका जगप्रसिद्ध कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेतून अशी दोन कोटी नव्वद लाख कपाटं परत मागवावी लागली होती, मुलांच्या अंगावर पडून मृत्यू झाले म्हणून. तेव्हा घरात आहे त्या कपाटालासुद्धा सुतार बोलावून भिंतीत पट्टी मारून घेतली. दोनशे रुपये आणि एक चहा. झुलत्या खुर्चीबद्दल मी काही बोलत नाही, भिंतीला लोड लावून दोन पोरं पाजली आहेत मी. पण सूनबाईंची कंबर माझ्यासारखी नाही, तिला पुढे गरज वाटली तर घ्यावी. ती खरी गरज असेल.

आता पैशांचं. मला कंजूष म्हणालात ना? ऐका. सूनबाईंना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यानंच आहे. पण चिरंजीव खाजगी नोकरीत. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते. खाजगीतल्या बापाला कायदा एक दिवसही देत नाही. ह्याच्या कंपनीनं मोठ्या मनानं पाच दिवस दिलेत. पाच दिवसांत तर टाके सुद्धा सुकत नाहीत! तर आम्ही हिशेब केला. महिना साडेसहा हजारांचा तो हप्ता नको असेल, तर चिरंजीवांना पाच दिवसांना जोडून तीन आठवडे बिनपगारी रजा परवडते. माझे दोन्ही बाळंतपणात हे बदलीच्या गावी होते. थोरला पाच महिन्यांचा होईपर्यंत ह्यांच्या हातात शांत राहायचा नाही, ओळखच नव्हती. जिराफाची फळी की पोराला कळणारा बाप, यातलं काय घ्यायचं ते ठरवायला बी.ए. सुद्धा लागत नाही.

"पण पहिलं बाळ, हौस नको का?" नणंदबाई, हौस हवीच. मी सहा दुपटी शिवली आहेत, माझ्या जुन्या सुती लुगड्यांची. कुंची विहीणबाईंनी विणली आहे, इतकी सुरेख की बघत राहावं. बाळंतविड्यात काय काय यायचंय ते यायचंच आहे. आणि वापरलेलं नको म्हणता, तर आपल्याकडे जन्मल्या बाळाच्या अंगाला कोरं कापड कधी लावलं? आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, धुऊन धुऊन मऊ झालेलं, तेच लावत आलो. तुमच्या थोरलीला आमच्या धाकट्याची झबली घातली होती, विसरलात? तेव्हा तुमचा चेहरा उतरला नव्हता.

विहीणबाईंशी मी काल फोनवर बोलले. त्यांना वाटलं होतं, आपल्या लेकीला सासरी कमी लेखतात म्हणून जुनं आणलं. मी त्यांना गजांचं माप, गादीची फट, रजेचा हिशेब, सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ती मोहरीची उशी मी शिवून ठेवली आहे, तिचं काय करू?" मी म्हटलं, राहू द्या, माझी मान दुखते हल्ली, मला द्या. हसल्या.

पाळणा सोमवारी टेम्पोनं पुण्याला जाईल. बाराव्या दिवशी फुलं लावून, सगळ्या बायका भोवती उभ्या असताना, नाव ठेवण्यापुरता. नंतर परत माळ्यावर. आणि ती कॉट दीड-दोन वर्षांनी मोकळी होईल. माझ्या पुतणीनं आत्ताच नंबर लावला आहे. तिच्यानंतर कुणाला हवी असेल तर खाली कळवा, गादी मात्र ज्याची त्यानं करायची.