पान सेव्ह केलं होतं, मग सभा कुठे गेली?

परवा दुपारी आठवडे बाजारातल्या एक मावशी दुकानात आल्या. झेरॉक्ससाठी नव्हे. म्हणाल्या, "भाऊ, ती मीटिंग दाव. तू म्हणला व्हतास ना, जपून ठिवलीय म्हणून."

कुठली मीटिंग ते आपल्या गावात बऱ्याच जणांना आठवत असेल. साल २०२१. कोरोनामुळे नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा ऑनलाइन झाली होती. बाजारतळावर गटारीचं काम निघालं होतं आणि त्यासाठी भाजीवाल्यांचे ओटे पाडायचे होते. एका नगरसेवकाने विचारलं, काम झाल्यावर या बायकांचं काय? उत्तर स्वच्छ मिळालं होतं. ज्यांचे ओटे पाडले त्यांनाच आधी जागा देणार. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. एका स्थानिक बातम्यांच्या साइटने त्या सभेचा व्हिडिओ बातमीत लावला होता. मी ते अख्खं पान सेव्ह केलं आणि मावशींना सांगून टाकलं, काळजी करू नका, पुरावा आपल्याकडे आहे.

मधली वर्षं प्रशासकराज होतं. गटार झाली, नवे ओटेही झाले. आता वाटपाची वेळ आली तर म्हणे लिलाव करणार. इतिवृत्त बघितलं, तर त्यात विषयावर चर्चा झाली आणि तो सर्वानुमते मंजूर झाला, एवढंच. चर्चेत कोण काय बोललं याचा एक शब्द नाही. म्हणजे आता सगळी भिस्त माझ्या त्या सेव्ह केलेल्या पानावर.

फाइल उघडली. मथळा आला, तारीख आली, फोटो आले. शेजारची सोनाराची जाहिरातसुद्धा आली. मधोमध व्हिडिओच्या जागी मात्र काळी चौकट. दाबून बघितलं, काही नाही. पुन्हा दाबलं, तेच. मावशींनीच मला धीर दिला, "नेट गेलं असंल."

नेट गेलं नव्हतं. गेली होती ती सभा. आणि ती पहिल्या दिवसापासूनच माझ्याकडे नव्हती. इतकी वर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवून मला हे कळायला नको होतं का? म्हणून आज हे सविस्तर लिहितोय, कारण तुमच्यापैकी अनेकांनी अशीच पानं भरवशाने जपली असणार.

बातमीत जो व्हिडिओ दिसतो तो बहुतेक वेळा त्या पानात नसतोच. पानात असते एक खिडकी. कॉम्प्युटरच्या भाषेत आयफ्रेम. खिडकीतून दिसणारा व्हिडिओ यूट्यूब, फेसबुक नाहीतर आणखी कुणाच्या सर्व्हरवर असतो. आपण कंट्रोल एस दाबून 'संपूर्ण वेबपेज' सेव्ह करतो तेव्हा एक एचटीएमएल फाइल आणि सोबत एक फोल्डर तयार होतं. त्यात मजकूर येतो, फोटो येतात. व्हिडिओचा फक्त पत्ता येतो. लग्नपत्रिका जपून ठेवली म्हणजे लग्नाचं जेवण जपलं असं होत नाही, तसंच हे. एमएचटीएमएल नावाच्या एकाच फाइलमध्ये सेव्ह केलं तरी फरक एवढाच की फोटो त्या फाइलच्या पोटात जातात. व्हिडिओ बाहेरच राहतो.

तरी लगेच हार मानायची नाही. मी त्या दुपारी जे जे करून बघितलं ते सांगतो. तुमचं नशीब माझ्यापेक्षा बरं असेल.

आधी बघा, एचटीएमएल फाइल आणि तिचं फोल्डर एकाच ठिकाणी आहे का आणि फोल्डरचं नाव बदललंय का. व्हॉट्सॲपवर नुसती एचटीएमएल फाइल पाठवली की फोल्डर मागेच राहतं. क्वचित व्हिडिओ साइटचा स्वतःचा असेल आणि फोल्डरमध्ये उतरला असेल, तर एवढ्यानेच काम होतं.

तसं नसेल तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि आयफ्रेम हा शब्द इंग्रजीत शोधा. त्याच्या पुढे व्हिडिओचा पत्ता असतो. बऱ्याच जुन्या पानांत हा पत्ता नुसत्या दोन तिरक्या रेघांनी सुरू होतो, पुढे एचटीटीपीएस नसतं. पान नेटवर असताना ते चालतं. तुमच्या डिस्कवरून उघडलं की ब्राउझर तोच पत्ता तुमच्या कॉम्प्युटरच्या फायलींत शोधायला जातो आणि चौकट रिकामी राहते. कधी पत्ता बरोबर असतो, पण आपल्याला कुठल्या साइटवरून बोलावलंय हे प्लेअरला कळत नाही, म्हणून तो चालायला नकार देतो. दोन्ही वेळेला उपाय एकच. तो पत्ता कॉपी करा, सुरुवातीला एचटीटीपीएस आणि कोलन लावा आणि ब्राउझरमध्ये थेट उघडा. मूळ व्हिडिओ अजून जागेवर असेल तर लागू शकतो. लागला की मात्र पुन्हा पान सेव्ह करत बसू नका, व्हिडिओचीच फाइल मिळवा.

पत्त्याची सुरुवात ब्लॉब अशी असेल तर आशा सोडा. तो पत्ता त्या वेळी, त्या टॅबपुरताच होता. व्हिडिओ तुकड्या तुकड्यांनी येत होता, टॅब बंद केली की तो पत्ता मेला. २०१५ च्या आधीचं पान असेल तर त्यात फ्लॅश असू शकतं. अॅडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतला. जुने फ्लॅशचे खेळ आणि अॅनिमेशन रफल नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये बरेचदा चालतात. पण फ्लॅश प्लेअरच्या आत बाहेरून येणारा व्हिडिओ असेल आणि तो उगमच आटला असेल, तर रफल तरी काय करणार?

माझ्या पानात पत्ता सापडला. थेट उघडला. उत्तर आलं, व्हिडिओ उपलब्ध नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही शोधलं. ती बातमी तिथे आहे, आणि मधोमध तीच चौकट आहे. नगरपरिषदेत चौकशी केली तेव्हा कळलं की सभेचं प्रक्षेपण कुणा खासगी माणसाच्या खात्यावरून झालं होतं आणि ते खातं आता नाही. कार्यालयाकडे प्रत? नाही.

एका मावशीच्या भाच्याच्या फोनवर दीड मिनिटाचा तुकडा निघाला, व्हॉट्सॲपवरून आलेला. आवाज ओळखू येतो. पण मागचं पुढचं काही नाही, तारीख नाही, कुणी रेकॉर्ड केला ते माहीत नाही. कार्यालयात दाखवला तर म्हणाले, "कापून जोडलेला कशावरून नाही?" मला राग आला. पण खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नाही. आजकाल कुणाच्याही तोंडी काहीही घालता येतं. राग याचा की हा प्रश्न तेच लोक विचारतायत ज्यांनी मूळ प्रत ठेवायला हवी होती.

कायद्यानेही तो तुकडा लंगडाच आहे. आपल्याच राज्यातलं जालन्याचं प्रकरण आठवा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण त्यात पुरावा म्हणून आलं होतं. प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण कोर्टात न आणता नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ मध्ये ते आहे आणि आता त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, लिहावी लागते. सेव्ह केलेल्या पानातल्या काळ्या चौकटीचा ठसा घेऊन काय करू?

लोक म्हणतील, यूट्यूबवर टाकलं की झालं की. नाही झालं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि कितीतरी पानांमधल्या क्लिप आपल्यासाठी एका रात्रीत गप्प झाल्या. बंदी योग्य की अयोग्य, तो वेगळा विषय. २० सप्टेंबर २०२४ ला तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाचं यूट्यूब चॅनेल हॅक झालं, तिथे क्रिप्टोकरन्सीचे व्हिडिओ दिसू लागले आणि चॅनेल काही काळ बंद ठेवावं लागलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची ही गत, तर आपल्या नगरपरिषदेच्या सभेचं काय घेऊन बसलात? यूट्यूब चावडी म्हणून ठीक आहे. दप्तर म्हणून नाही.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. "आमच्याकडे जागा कुठाय, माणूस कुठाय?" दोन तासांची सभा साध्या दर्जात रेकॉर्ड केली तर साधारण एक जीबीत बसते. वर्षभराच्या सगळ्या सभा एका पेन ड्राइव्हवर मावतील आणि दुसरी प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर. सभेच्या चहापाण्यात एवढा खर्च निघतो. अडचण पैशाची नाही. बोललेलं राहू नये, ही सोय काहींना हवी असते. सगळ्यांना नाही, पण काहींना नक्की.

म्हणून नव्या सभागृहाकडे माझ्या तीन मागण्या आहेत:

१) प्रत्येक सभेचं पूर्ण रेकॉर्डिंग नगरपरिषदेने स्वतः करावं आणि त्याची फाइल स्वतःच्या वेबसाइटवर डाउनलोड करता येईल अशी ठेवावी. नुसती खिडकी लावू नये.

२) इतिवृत्तात त्या फाइलचं नाव, लांबी आणि हॅश लिहावी. पुढे कुणी कापलं-जोडलं तर लगेच कळेल.

३) सभेत दिलेली आश्वासनं इतिवृत्तात शब्दात यावीत. "चर्चा झाली" एवढ्यावर भागवू नये.

आणि आपण? माहितीचा अधिकार आपल्या हातात आहेच. २००५ च्या त्या कायद्यात माहिती म्हणजे फक्त कागद नाही. कलम २ मध्ये व्हिडिओ कॅसेट आणि इतर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क स्पष्ट दिलाय. अर्जाची फी १० रुपये. सभा झाली की त्याच आठवड्यात अर्ज टाका आणि फाइल मागा, लिंक नको. चार वर्षांनी मागाल तर माझ्यासारखं "उपलब्ध नाही" ऐकावं लागेल.

स्वतः काही जपून ठेवलं असेल तर आज रात्री एक काम करा. वायफाय बंद करा, मोबाइलचं नेट बंद करा आणि मग ते पान उघडा. व्हिडिओ चालला तर तो तुमच्याकडे आहे. नाही चालला तर तो अजून दुसऱ्याच्या घरी आहे, आणि तो बाहेर काढायची वेळ आत्ताच आहे. ही साधी परीक्षा मी २०२१ मध्येच घेतली असती तर आज बाजारतळावर मान वर करून गेलो असतो.

मावशींना मी खरं काय ते सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तवा मीटिंगला हजर असलेली मानसं हाईत की अजून गावात. त्येंला इचारू."

त्या सभेला ऑनलाइन हजर असलेल्या, ते उत्तर ऐकलेल्या सगळ्यांना म्हणूनच ही विनंती. कुणाकडे पूर्ण रेकॉर्डिंगची फाइल असेल, जुन्या लॅपटॉपवर, मेमरी कार्डवर, कुठेही, तर मला कळवा. फाइल नसेल तर निदान ऐकलेलं लिहून, सही करून द्या. नाव लपवून नको. लिलावाची नोटीस निघायच्या आत ते सगळं घेऊन आपण मुख्याधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. मावशी पुढे असतील, मी मागे.