मामा, पश्चिम कुठली?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. गुडघा आणि इंटरनेट दोन्ही एकदमच संपावर गेले होते. परवा भाच्याचा फोन आला आणि विषय मिळाला.

भाच्याचं मुरबाड तालुक्यात टोकावड्याजवळ, माळशेजच्या रस्त्याला शेतघर आहे. चार खोल्या, कमरेएवढा तरणतलाव, थोडी आंब्याची झाडं. पावसाळ्यात मुंबईकर येतात, भिजतात, गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी खातात आणि जातात. तर कुर्ल्याच्या एका मुसलमान कुटुंबाने दोन दिवसांसाठी खोल्या मागितल्या. बाई फोनवर फार अदबीने बोलल्या म्हणे, पण त्यांनी चार प्रश्न विचारले. कोंबडी-मटण हलाल असतं का? नमाजाला स्वच्छ जागा मिळेल का? बायकांना पोहायला वेगळी वेळ देता येईल का? आणि कुत्रा मोकळा असतो का?

"मामा, कशाला या भानगडीत पडायचं? खोल्या भरल्यात म्हणून सांगून टाकतो."

मी म्हटलं, "सांग की. मग पुढच्या आठवड्यात जे जैन पाहुणे येणार आहेत, त्यांनाही तेच सांग. त्यांच्यासाठी तू वेगळी कढई आणलीस ना?"

तो गप्प बसला.

आमच्या शहापुरात मानस मंदिर आहे. तिथल्या जैन भाविकांमुळे आणि महामार्गामुळे 'जैन पावभाजी', 'जैन मिसळ' अशा पाट्या आता कुणाला खुपत नाहीत. कांदा, लसूण, बटाटा नको म्हटलं की गल्ल्यावरचा माणूस मान डोलावतो. परदेश सहलींच्या जाहिराती पाहा, मराठी स्वयंपाकी बरोबर असतो हे सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. आपली माणसं स्वित्झर्लंडच्या बर्फात वरण-भात मागतात आणि बॅगेत प्लास्टिकचा तांब्या नेतात. (आमच्या मंडळात एक गृहस्थ तो तांब्या विमानातही हाताशी ठेवून होते.) आपलं ते 'सोवळं', दुसऱ्याचं ते 'भानगड'!

हलाल म्हणजे धर्माने मुभा दिलेलं, इतका साधा अर्थ. डुक्कर आणि दारू वर्ज्य. जनावर अल्लाचं नाव घेऊन, गळ्यावर सुरी फिरवून कापायचं आणि रक्त वाहून जाऊ द्यायचं. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांना माझ्या आजोळची गोष्ट सांगतो. आजोळ घाटावरचं, जुन्नर तालुक्यातलं. तिथे जत्रेला नवसाचं बकरं कापायला मुलाणी यायचा. तो काहीतरी पुटपुटून सुरी फिरवायचा, आपला वाटा घ्यायचा आणि मग घराघरांत चुली पेटायच्या. त्र्यं. ना. आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त हा मुलाणा गावच्या कारू-नारूंमध्ये आहेच. मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय माझे आजोबा मटणाला शिवत नसत. माळकरी नव्हते, पण कुलदैवत खंडोबा आणि देव्हारा सकाळ-संध्याकाळ. त्यांना 'हलाल' हा वाद आहे असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी तंबाखू मळत नुसतं बघितलं असतं.

आता तो वाद आहे खरा. उत्तर प्रदेशात २०२३ च्या नोव्हेंबरात हलाल प्रमाणपत्राच्या मालाच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडे २०२५ च्या मार्चमध्ये झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली. ज्याला झटका हवं त्याने ते जरूर खावं, विचारून घ्यावं, माझी काही तक्रार नाही. पण विचारण्याचा तोच हक्क कुर्ल्याच्या बाईंनाही आहे.

भाच्याला मग मी यादीच सांगितली. कोंबडी कुठून येते, कापतो कोण, हे आधी स्वतः जाऊन बघ. खात्री नसेल तर 'नाही' म्हणून सांग आणि शाकाहारी किंवा मासळीचं जेवण दे. मासा कापण्याचा असा विधी नसतो, त्यामुळे सुरमई-पापलेटला अडचण नाही. कोलंबीचं मात्र विचार, हनफी मंडळींत तिच्याबद्दल मतभेद आहेत. आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांना ती चालते. भांडी निराळी ठेव, त्यात डुकराचं मांस किंवा दारू घातलेलं काही शिजलेलं नसावं. खोलीत सतरंजी आणि मोरीत तांब्या ठेव. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर त्यांना धुऊन शुद्ध व्हावं लागतं, म्हणून मोत्याला बांध.

एका गोष्टीवर मात्र मी चिडलो. सगळं ऐकून झाल्यावर गडी म्हणतो, "मग 'शंभर टक्के हलाल' अशी पाटीच लावू का? गिऱ्हाईक वाढेल." सिंगापूरची क्रेसेंटरेटिंग नावाची कंपनी २००८ पासून मुसलमान प्रवाशांना सोयीची हॉटेलं कोणती हेच पारखत आलीय, एवढा तो धंदा मोठा आहे, हे मीच त्याला सांगून बसलो होतो. पण ब्रॉयलर कुठून येतो हे ठाऊक नसताना पाटी लावणं म्हणजे उपासाच्या खिचडीत कांदा घालून 'उपवासाची' म्हणून वाढणं.

पोहण्याच्या वेळेचं तर मी म्हणेन, सगळ्यांसाठीच कर. सकाळी दीड तास फक्त बायका. आमच्या हिने आजवर प्रत्येक तरणतलाव काठावर बसून, साडी घोट्यापर्यंत धरून पाहिलाय.

मला या सगळ्याचं इतकं का लागतं, तेही लिहितो. १९९९ च्या डिसेंबरअखेर मी आमच्या शाळेची सहल मुरूड-जंजिऱ्याला नेली होती. तारीख ठरवताना कालनिर्णय समोर घेऊन संकष्टी टाळली, एकादशी टाळली, उपासवाल्या पोरांचे हाल नकोत म्हणून. पहिल्या दुपारी काशिदच्या किनाऱ्यावर पोरं पाण्यात. नववीतला एक मुसलमान मुलगा सुरूच्या सावलीत बसून होता. जेवायला बोलावलं तर म्हणाला पोटात दुखतंय. मी ओवा दिला. त्याने तो मुठीत धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठलो तर हा व्हरांड्यात अंधारात बसून बिस्किटं खातोय. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "दिवसभर पोटदुखीचं सोंग आणि रात्री चोरून खातोस?"

"चुकलं सर," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी तो राजपुरीहून होडीत बसला, किल्ला सगळा फिरला, पाण्याचा घोट न घेता. संध्याकाळी किनाऱ्यावर सूर्य बुडाला तेव्हा समुद्राकडे तोंड करून त्याने खिशातून एक खजूर काढला. तेव्हा चित्रकलेचे सर माझ्या कानात म्हणाले, "अहो, रमजान चालू आहे." त्याच कालनिर्णयात रमजानचे रोजेही छापलेले असतात. माझी नजर तिथवर गेलीच नव्हती.

प्रवाशाला रोजा न धरण्याची सवलत असते, राहिलेले रोजे नंतर धरता येतात, हे मला पुढे कळलं. ती घ्यायची की नाही हे त्याने ठरवलं असतं. मी त्याला विचारलं मात्र नाही. पुढच्या पहाटे साडेचारला मी त्याच्यासाठी चहा आणि पोळ्या करवून घेतल्या, पण माफी मागितली नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागायची तेव्हा पद्धत नव्हती. आज तो चाळिशीत असेल.

असो. भाच्याचा काल पुन्हा फोन. "मामा, नमाजाला तोंड कुठे करतात? पश्चिमेलाच ना? आपल्या घरात पश्चिम कुठली?" म्हटलं, संध्याकाळी ओट्यावर उभा राहा आणि बघ सूर्य कुठे बुडतो. त्याच्या किंचित उजवीकडे. पावसाळ्यात सूर्य स्वतःच उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा नेमकं त्याच्याकडेच बघ म्हटलं तरी फार चुकणार नाही. तो म्हणाला, पण मामा, ढगांत सूर्य दिसतोय कुठे! शेवटी माझं जुनं स्काउटचं होकायंत्र शोधून काढलं.

पाहुणे शनिवारी येताहेत. होकायंत्र न्यायला भाचा शुक्रवारी येईल आणि मोत्याला दोन दिवस आमच्याकडे सोडून जाईल. हिला अजून सांगितलेलं नाही.