यंत्रांचेही क्रॉसमॅचिंग व्हावे

रक्त चढविण्यापूर्वी आपण क्रॉसमॅचिंग करतो. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे रक्त निर्दोष असले, तरी ते एकमेकांशी जुळेलच असे नसते. दवाखान्यातील संगणकावर लिनक्स घालताना मात्र या दृष्टीचा आपल्याला विसर पडतो आणि प्रिंटर चालला नाही, की सारा दोष लिनक्सच्या माथी मारला जातो.

विंडोज १० चे नियमित मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक धडधाकट संगणक अपात्र ठरले. रुग्णांच्या नोंदी असुरक्षित प्रणालीवर ठेवणे गैर आहे. चालते यंत्र भंगारात काढणेही मला पटत नाही. अशा वेळी लिनक्सचा विचार अवश्य व्हावा.

त्याची परीक्षा सोपी आहे. नोंदींची प्रत काढून ठेवावी आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. हार्डडिस्कवर काहीही न घालता वाय-फाय, आवाज, छपाई तपासता येते. इंटेलचे ग्राफिक्स आणि साधे वेबकॅम सहसा आपोआप ओळखले जातात. ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय चिपांना वेगळे फर्मवेअर वा ड्रायव्हर लागतात. डेबियनने २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून असे पुष्कळ फर्मवेअर मूळ संचातच दिले. मात्र २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर उरला नाही.

खरी अडचण आपल्या वैद्यकीय उपकरणांची आहे. संगणकाला जोडायच्या ईसीजी वा स्पायरोमेट्रीच्या यंत्रांचे सॉफ्टवेअर पुष्कळदा केवळ विंडोजसाठी असते. उत्पादक तांत्रिक माहिती देत नाही, तोवर इतरांना ड्रायव्हर लिहिणे दुष्कर असते. असा संगणक तूर्त तसाच ठेवून इंटरनेटपासून अलग करावा. याउलट डायकॉम या खुल्या मानकामुळे सीटी-एमआरआयच्या प्रतिमा लिनक्सवरही पाहता येतात. म्हणजे हा प्रश्न तंत्राचा कमी, इच्छेचा अधिक आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की उपकरण घेण्यापूर्वी विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारावेत: हे लिनक्सवर चालते काय? यातील नोंदी खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय? एकट्या डॉक्टरला विक्रेता टाळील. मंडळातील सर्वांनी मिळून विचारले, तर त्याला उत्तर द्यावे लागेल. रुग्णाची नोंद ही आपल्याकडची ठेव आहे. तिची किल्ली यंत्र विकणाऱ्याच्या हाती राहू नये.