दहा शेळ्या, बांधावरचे झुडूप आणि ‘कृषी समकक्ष’ दर्जा : धर्माबादच्या लहान शेतकऱ्याला काय मिळते?

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, सौरपंप, ग्रामपंचायत कर आणि कर्जावरील व्याज या बाबतीत शेतीसारखी वागणूक, असे त्याचे स्वरूप आहे. शेळी-मेंढीसाठी मर्यादा ५०० जनावरांपर्यंत ठेवली आहे. निर्णय चांगलाच आहे. पण धर्माबाद, बिलोली, उमरी भागातला दोन-तीन एकरवाला शेतकरी विचारतो, “साहेब, माझ्याकडे दहा शेळ्या, मला यात काय?” तेव्हा उत्तर द्यायला थोडे थांबावे लागते.

कारण सवलत लागू व्हायला आधी शेड लागते, मीटर लागते, कर्ज लागते. दहा शेळ्यांच्या गोठ्यात बहुतेक ठिकाणी घरातूनच ओढलेला एक बल्ब असतो. राष्ट्रीय पशुधन अभियानाचेही तसेच. २०२१-२२ पासूनच्या सुधारित योजनेत ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पण सर्वांत लहान गट १०० शेळ्या व ५ बोकडांचा आणि मोठा ५०० शेळ्या व २५ बोकडांचा. शंभर शेळ्यांचा चारा दोन एकर कोरडवाहूत येत नाही. या शेतकऱ्याच्या मापाची योजना म्हणजे राज्याची १० शेळ्या व १ बोकड गट वाटप, आणि दुसरे पशुपालनासाठीचे किसान क्रेडिट कार्ड. विनातारण कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपये झाली आहे आणि वेळेवर परतफेड केली तर व्याज ४ टक्क्यांवर येते. बँकेत पीककर्जाबरोबरच हे मागावे. सहसा आपणहून कोणी सांगत नाही.

आता मूळ गोष्टीकडे. शेळ्या घेण्यामागे आपल्याकडे एक हिशोब नेहमी ऐकू येतो : बांध, नाल्याकाठ, पडीक तुकडा झुडपांनी भरला आहे, शेळ्या सोडल्या की रानही साफ होईल आणि चाराही फुकट. गोदाकाठी, बाभळी बंधाऱ्याच्या पट्ट्यात आणि पडीक गायरानाच्या कडेला फिरून पाहिले तर हा हिशोब अर्धाच खरा ठरतो.

शेळी पाला खाते, मूळ काढत नाही. बोर, हिवर, गावठी बाभूळ, सुबाभूळ, करवंद यांचा कोवळा फुटवा ती आवडीने खाते. झुडूप कमरेपर्यंत छाटले आणि नवा फुटवा वीतभर आला की शेळ्या लावल्या, असे वर्षातून दोन-तीनदा केले, तर झुडूप थकते आणि बांध मोकळा राहतो. छाटणी न करता नुसत्या शेळ्या सोडल्या तर त्या पोहोचते तेवढेच खातात आणि वर झाड वाढत राहते. सुबाभूळ मात्र रोजच्या चाऱ्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

वेड्या बाभळीची गोष्ट निराळी, आणि तिथेच जास्त फसगत होते. तिचा पाला शेळ्या फारसा खात नाहीत. त्यांना आवडतात गोड शेंगा. बी मात्र पोटातून शाबूत बाहेर पडते, आणि जिथे लेंड्या पडतील तिथे नवे रोप उगवते. म्हणजे रान साफ करायला आणलेली शेळीच वेडी बाभूळ बांधावरून वावरात आणते. शेंगा पिकण्याआधी त्या जागी चराई बंद ठेवावी, किंवा शेंगा वेचून, वाळवून, बियांसकट दळून इतर खाद्यात थोड्या मिसळाव्यात. नुसत्या शेंगांवर शेळ्या ठेवल्या तर जबडा लुळा पडण्याचा विकार होतो. झाड काढायचे तर जमिनीखाली वीतभर खणून बुंध्याची गाठ काढावी लागते. वरून तोडलेले पुन्हा चार फांद्यांनी फुटते.

घाणेरी (टणटणी), बेशरम आणि कण्हेर यांना शेळी लावूच नये. घाणेरीने यकृत बिघडते, उन्हात कातडी सुजते. बेशरमची सवय लागली की शेळी डगमगू लागते. स्थानिक शेळी शहाणी असते, ती टाळते. पण बाजारातून उपाशी आलेली नवी शेळी दिसेल ते खाते, म्हणून पहिले आठ दिवस तिला गोठ्यातच भुसकट द्यावे. पावसाचा खंड पडलेली कोवळी ज्वारीही तितकीच घातक. आणि तणनाशक फवारलेल्या बांधावर शेळ्या नकोत. ग्लायफोसेटचा वापर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला, तरी बांधावर पंप फिरताना दिसतो.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. ३० किलोची शेळी वजनाच्या साधारण ४ टक्के, म्हणजे १.२ किलो कोरडा चारा रोज खाते. दहा शेळ्या, बोकड आणि पिले धरून रोज १५ किलो. झुडपांचा पाला जुलै ते जानेवारी बरा असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून चार महिने, म्हणजे १८ क्विंटलची सोय आधी हवी. सोयाबीन एकरी ७-८ क्विंटल झाले तर जवळपास तेवढेच भुसकट निघते. त्यात तुरीचे भुसकट आले की दोन-अडीच एकरांत गरज भागते. पण आपण ते वावरातच पेटवतो किंवा मळणीच्या दिवशीच देऊन टाकतो. शेळ्या घ्यायच्या असतील त्याने या हंगामापासून भुसकट झाकून ठेवायला सुरुवात करावी, शेळ्या नंतर.

सीमेपलीकडे तेलंगणाने २०१७ मध्ये ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या व १ नर असे गट वाटले. धर्माबादच्या गावांतून ‘तिकडे देतात, इकडे का नाही’ अशी विचारणा तेव्हा जोरात होती. पुढे त्या वाटपातील गैरव्यवहारांची चौकशीही लागली. माझे मत असे की जनावर देणे हा सोपा भाग आहे. चाऱ्याची आणि लसीची सोय कोणत्याच योजनेत पुढे येत नाही.

जात उस्मानाबादीच घ्यावी. आपल्या हवेत टिकते, जुळी देते. दूध दिवसाला अर्धा ते एक लिटर, तेही तीन-चार महिने. बाहेरची उंच, लांब कानांची शेळी दूध जास्त देईल, पण मार्च-एप्रिलच्या चाऱ्यात ती ओसरते. मुखेडला महामंडळाचे प्रक्षेत्र आहे आणि सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र. बोकडाची चौकशी आधी तिथे करावी आणि दर दोन वर्षांनी बोकड बदलावा. शेळीच्या दुधाचे संकलन आपल्या भागात नाही, तेव्हा दुधावर घर चालवायचा बेत धरू नये. दूध पिलांना आणि घरच्या चहाला, पैसा बोकडांचा. डेंग्यूची साथ आली की कच्च्या दुधाला भलता भाव येतो. त्याने प्लेटलेट वाढतात याला आधार नाही आणि कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. विकले तरी उकळूनच प्या असे सांगावे.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुखेडसह जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. ओल्या गोठ्यात खुरे सडतात, कृमी वाढतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी मे-जूनमध्ये द्यावी. पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा आणि पुढे दरवर्षी. पीपीआरची लस पिलू तीन-चार महिन्यांचे झाले की, तिची प्रतिकारशक्ती सुमारे तीन वर्षे टिकते. २०१९ च्या गणनेत राज्यात सुमारे १.०६ कोटी शेळ्या होत्या. नवी, २१ वी पशुगणना २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. आपल्या शेळ्या नोंदल्या गेल्या का, कानात १२ अंकी बिल्ला आहे का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारून घ्यावे. लसीची मागणी शेवटी त्याच आकड्यांवरून जाते.